शिकवणाऱ्याचा पत्ता

१८५८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा कुठल्याच कॉलेजात न जाणाऱ्यांनाही खुल्या केल्या. पुढे वसाहतींमधूनही माणसं त्यांना बसू लागली. घरी राहून पदवी मिळायची, पण काय शिकायचं ते लंडन ठरवणार आणि उत्तरपत्रिकाही जहाजाने तिकडेच जाणार. शंभरएक वर्षांनी रॉबेन बेटाच्या तुरुंगात नेल्सन मंडेला कायदा शिकू लागले, तोही याच विद्यापीठाचा. त्यांना एलएल.बी. मिळाली ती मात्र १९८९ मध्ये, तुरुंगात असतानाच, आणि दक्षिण आफ्रिकेच्या स्वतःच्या 'युनिसा'कडून. हे विद्यापीठ १९४६ पासून टपालाने शिकवत होतं. दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना मी ही नोंद कधी गाळत नाही.

त्याच १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं. राम ताकवले पहिले कुलगुरू, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. मी त्याच्या एका अभ्यासकेंद्रावर शिकवत असे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. बारावी न झालेल्यांसाठी 'पूर्वतयारी' होती. ती पार केली की बी.ए.चं दार उघडं. रविवारच्या संपर्क सत्राला एसटीचे कंडक्टर, किराणा दुकानातली पोरं, पंचायतीतले शिपाई, लेकीबरोबर नाव घातलेली एखादी आई, सगळी एकाच बाकावर. पुस्तकं मराठीत, इथल्याच प्राध्यापकांनी लिहिलेली. धड्यात मधूनमधून स्वयंअध्ययनाचे प्रश्न असत, कारण शेजारी विचारायला मास्तर नाही हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं. एक अंगणवाडी सेविका त्यांची उत्तरं समासात पेन्सिलीने, अगदी फिकट लिहायची. पुढच्या वर्षी तेच पुस्तक जावेला द्यायचं होतं. कोणासाठी शिकवतोय हे ठाऊक असलेल्या माणसांनी ती पुस्तकं लिहिली होती, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

मग २०१२ उजाडलं. ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच निघाले: युडॅसिटी आणि कोर्सेरा कॅलिफोर्नियात, दोन्हींच्या मुळाशी स्टॅनफर्डचे प्राध्यापक. एडएक्स हार्वर्ड आणि एमआयटीचं. जिथे भांडवल, नाव आणि इंग्रजी आधीपासून एकवटलेली, तिथेच नवे मंचही उगवले. लाखो विद्यार्थी देशोदेशीचे, कंपन्या मात्र बोटांवर मोजण्याएवढ्या शहरांतल्या. चीनमध्ये छिंगह्वा विद्यापीठाने २०१३ साली स्वतःचा मंच काढला. आपल्याकडे आयआयटींचं एनपीटेल २००३ पासूनच होतं, 'स्वयम्' २०१७ मध्ये आलं. दोन्ही सरकारी पैशावर उभी आहेत आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. बाजारावर सोडलं असतं तर ती उभी राहिली नसती, असं माझं ठाम मत आहे.

आफ्रिकेची कथा मला अधिक बोचते. १९९७ साली जागतिक बँकेने आफ्रिकन व्हर्च्युअल युनिव्हर्सिटी सुरू केली. नाव आफ्रिकेचं, पण पहिली काही वर्षं कारभार वॉशिंग्टनहून. व्याख्यानंही बव्हंशी अमेरिका-युरोपातल्या प्राध्यापकांची, उपग्रहावरून आफ्रिकेतल्या वर्गांत उतरवलेली. कचेरी नैरोबीला गेली ती नंतर.

ज्ञान काय, कुठूनही आलं तरी सारखंच, असं मला अनेकांनी ऐकवलंय. त्यांना मी जानेवारी २०१४ची आठवण करून देतो. अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे कोर्सेराला क्यूबा, इराण, सुदान आणि सीरियातल्या विद्यार्थ्यांसाठी आपले अभ्यासक्रम बंद करावे लागले. विद्यार्थ्यांनी काही वावगं केलं नव्हतं, शिकवणाऱ्या प्राध्यापकांचीही तशी इच्छा नव्हती. कंपनी अमेरिकेतली, म्हणून कायदा अमेरिकेचा. सीरियासाठी शिक्षणसेवांना मुभा आहे असं लक्षात आल्यावर तिथलं दार थोड्याच दिवसांत पुन्हा उघडलं. बाकीच्या तीन देशांतली मुलं ताटकळत राहिली.