‘ली’च्या आतला देह

शाळेत आपण सगळे एक नियम घोकलो आहोत: इंग्रजी विशेषणाला ‘ली’ लावा, क्रियाविशेषण तयार. ‘क्विक’चं ‘क्विकली’. पण हा ‘ली’ आला कुठून?

जुन्या इंग्रजीत ‘लीच’ असा शब्द होता. अर्थ देह. चर्चच्या आवाराच्या छपरी दाराला ‘लिचगेट’ म्हणतात, कारण तिथे प्रेत टेकवत. त्यात तो शब्द अजून उरला आहे. हाच देह नामांना चिकटला आणि विशेषणं झाली. ‘फ्रेंडली’ म्हणजे मुळात मित्राच्या रूपाचा. क्रियाविशेषण करायचं तर शेवटी फक्त ‘ए’ हा स्वर जोडत.

पुढे शेवटचे दुबळे स्वर गळाले. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘डीप’ यांची दोन्ही रूपं एकसारखी झाली. इतरत्र ‘ली’ हीच क्रियाविशेषणाची खूण ठरत गेली. काही ठिकाणी तर अख्खा शब्दसमूहच गोठला: ‘इन डीड’, म्हणजे कृतीत, याचं ‘इन्डीड’ झालं.

आता शेजारी पाहू. लॅटिनमध्ये ‘मेन्ते’ म्हणजे ‘मनाने’. त्यातून स्पॅनिश आणि इटालियनचा ‘मेन्ते’ हा प्रत्यय आला. म्हणजे कृतीची रीत सांगायला एकाने देह घेतला, दुसऱ्याने मन. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना यात मौज वाटेल. कुणी ठरवून केलेलं हे नव्हे; वापरता वापरता झालं.

ठरवणारे नंतर आले. 1762 साली रॉबर्ट लाउथ यांचं इंग्रजी व्याकरण निघालं. विशेषण तसंच्या तसं क्रियाविशेषण म्हणून वापरणं त्यांनी अयोग्य ठरवलं. शेक्सपिअरने ‘स्लो’ तसा बिनदिक्कत वापरला होता! पुढे असे नियम पाठ्यपुस्तकांत रुजले, आपल्याकडेही पोचले. आज कुणी ‘ड्राइव्ह स्लो’ म्हटलं की आपण त्याला अडाणी समजतो.

नियम शिकवू नये असं आमचं म्हणणं नाही. पण त्याचं वय माहीत असावं. नाहीतर काय होतं? मुलगा कष्टाने अभ्यास करतो, म्हणजे ‘हार्ड’ करतो. नियमाच्या धाकाने त्याने ‘हार्डली’ लिहिलं, की अर्थ होतो: जेमतेमच करतो. नियम पाळला, आणि कष्ट पुसले गेले.