मीटरमधला दिवा: खोपोलीच्या विजेपासून एलईडीच्या निळ्या उजेडापर्यंत

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी या भागाची ही संहिता. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एवढासा आहे. मोटारसायकलच्या मीटरमधला दिवा. तो चालू असला तर आपलं लक्ष नसतं, आणि गेला की महिनोन्‌महिने आपण त्याच्याशिवाय गाडी चालवतो. अलीकडे मात्र हा दिवा हौसेचा विषय झालाय. जुना पिवळा बल्ब काढायचा, एलईडी घालायची, निळी, पांढरी, जांभळी, जी आवडेल ती. कर्जत, नेरळ, चौक, खोपोली, कुठेही रात्री उभं राहा, येणाऱ्या-जाणाऱ्या चार गाड्यांपैकी एखादीचं मीटर निळंशार चमकताना दिसेलच.

या हौसेला नावं ठेवायला आजचा भाग नाही. पण या दिव्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळला की कुठला दिवा घ्यायचा हेही आपोआप कळतं.

दोन वीजघरं

सुरुवात खोपोलीपासूनच करू. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला डोंगरावर तलाव, तिथलं पाणी मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत, त्यावर फिरणारी टर्बाइनं, आणि तयार झालेली वीज थेट मुंबईच्या गिरण्यांना. पुढे १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. म्हणजे बघा, मुंबईचे माग या दोन तालुक्यांच्या विजेवर फिरले.

आता मोटारसायकलकडे या. तिच्यातही असंच एक छोटं वीजघर असतं. पाण्याच्या जागी पेट्रोल, टर्बाइनच्या जागी पिस्टन. इंजिनाबरोबर चुंबक फिरतं, शेजारच्या तांब्याच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. आपले मेकॅनिक याला मॅग्नेट म्हणतात. खोपोलीची वीज काय आणि मॅग्नेटची वीज काय, दोन्ही एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. फरक एवढाच की वीजघरात पाण्याचा झोत आवरून टर्बाइनचा वेग एकसारखा ठेवतात. गाडीत तो वेग तुमच्या मुठीत असतो. रेस दिली की वीज वाढते, सोडली की पडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

कार्बाइड, रेडियम आणि सहा व्होल्ट

सुरुवातीच्या मोटारसायकलींना विजेचा दिवाच नव्हता. डब्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे, त्यावर थेंब थेंब पाणी, त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू, आणि तो पेटवून रस्त्यावर उजेड. मीटर असलं तरी रात्री ते वाचायची सोय नव्हती. विजेचे दिवे रुळल्यावर मीटरलाही एक छोटा बल्ब मिळाला.

विमानांची अडचण जास्त होती. वैमानिकाला अंधारात बाहेरही बघायचं आणि काटेही वाचायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यावर उपाय निघाला तो रेडियमचा. रेडियम मिसळलेला रंग स्वतःहून मंद हिरवट चमकतो, त्याला वीज लागत नाही. घड्याळांच्या आणि विमानांच्या तबकड्या या रंगाने रंगवल्या जाऊ लागल्या. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑरेंज गावात हे काम तरुण मुली करायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून त्यांना तो ओठांत धरायला शिकवलं होतं. रेडियम पोटात गेलं, जबड्याची हाडं सडली, अनेक जणी दगावल्या. १९२८ मध्ये त्यांतल्या पाच जणींच्या दाव्यात तडजोड झाली. कामगारांच्या आरोग्याच्या हक्कासाठी तो खटला जगभर सांगितला जातो.

आणि गंमत बघा, आपल्याकडे तो शब्द राहिला. आजही आपण गाडीवर स्टिकर करायला 'रेडियमवाल्या'कडे जातो. त्या स्टिकरमध्ये रेडियमचा कणही नसतो, समोरून आलेला उजेड ते परत फेकतं इतकंच. पण अंधारात चमकतं म्हणून नाव पडलं रेडियम.

बरं, आपल्या रस्त्यांवर काय होतं? १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली आणि बुलेट आली. पुढच्या दशकात म्हैसूरची जावा, फरिदाबादची राजदूत आणि आपल्या आकुर्डीच्या बजाज स्कूटर आल्या. १९७३ पासून जावाची येझदी झाली. त्या काळातल्या बऱ्याच गाड्या सहा व्होल्टवर चालायच्या. बुलेटचं मीटर हेडलाइटच्या डोक्यावरच बसवलेलं, शेजारी करंट दाखवणारा अ‍ॅमीटर. आत एक चिमुकला बल्ब, फार तर दोन-तीन वॅटचा, मिणमिणता, पिवळा. त्या काळी गाडीकडे वीजच इतकी तुटपुंजी की सगळी हेडलाइटला द्यावी लागायची. मीटरच्या वाट्याला उरलंसुरलं.

हा मिणमिणता दिवा गरिबीतून आला होता खरा. पण डोळ्याला तो मानवत होता. तो का, ते पुढे बघू.

निळा रंग उशिरा का आला?

एलईडी म्हणजे अर्धवाहकाचा एक कण, ज्यातून वीज एकाच दिशेने जाते आणि जाताना उजेड देते. रशियात ओलेग लोसेव्हने १९२० च्या दशकात असा उजेड बघून त्याबद्दल लिहून ठेवलं होतं. डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाची, वापरण्याजोगी एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केली. मग पिवळी आली, हिरवी आली. निळी मात्र काही केल्या जमेना, कारण त्यासाठी लागणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक बनवणंच महाकठीण होतं.

ते जमवलं जपानमधल्या तिघांनी: इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा. १९९३ मध्ये नाकामुरांच्या निचिया कंपनीने झगझगीत निळी एलईडी बाजारात आणली. तिच्यावर पिवळा फॉस्फर चढवला की पांढरा उजेड मिळतो, म्हणून थोड्याच वर्षांत पांढरी एलईडीही आली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं.

निळा नवा होता, म्हणून तो आधुनिक वाटला. १९९७ च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये निळं मीटर आणि लाल काटे आले. आपल्याकडे २००६ च्या सुमारास पल्सरला डिजिटल मीटर, उजळणारी बटणं आणि एलईडीचा मागचा दिवा आला, आणि जुन्या मॉडेलवाल्यांना आपलं मीटर अचानक म्हातारं वाटू लागलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या एलईडी मिळतच होत्या. पुण्याच्या नाना पेठेत गाडीचे सुटे भाग मिळत होते. दोन्ही शहरांच्या मधोमध आपला कर्जत-खालापूर पट्टा. फॅशन यायला कितीसा वेळ लागणार?

डोळ्याचं गणित

आता मुद्द्याची गोष्ट. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. दिवसा रंग बघणाऱ्या शंकुपेशी आणि अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी. उजेडातून अंधारात गेलं की दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पण एक झगझगीत दिवा डोळ्यावर आला की ही कमाई काही क्षणांत जाते.

या दंडपेशी निळ्या-हिरव्या उजेडाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतात. लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसतच नाही. दिवेलागणीला अंगणातली जास्वंद बघा. लाल फूल काळपट होतं, पानं मात्र अजून दिसत असतात. एकोणिसाव्या शतकात पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हेच टिपलं होतं. म्हणून दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांत आणि विमानांत लाल दिवे वापरले गेले: दंडपेशींना न दुखावता काटे वाचता यावेत यासाठी. बीएमडब्ल्यूच्या मोटारींत वर्षानुवर्षं नारिंगी मीटर होतं ते उगाच नाही.

आपला जुना पिवळा बल्ब? त्याच्या उजेडात लाल-पिवळा भरपूर, निळा अगदी थोडा. आणि वरून मंद. म्हणजे गरिबीने दिलेला तो दिवा नेमका डोळ्याच्या सोयीचा निघाला. स्वस्तातल्या निळ्या एलईडीचं बरोबर उलटं: रंग दंडपेशींना झोंबणारा आणि उजेड गरजेपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय निळा उजेड डोळ्यात जास्त पसरतो, त्यामुळे आकड्यांच्या कडा धूसर दिसतात. चाळिशीनंतर हे आणखी जाणवतं.

हे सगळं या पट्ट्यात जास्त महत्त्वाचं का? मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे दुचाकीवाल्याला जुनाच रस्ता: चौक, खालापूर, खोपोली, मग शिंग्रोबाच्या देवळावरून बोरघाट. १८३० मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याची ही वाट. पावसाळ्यात धुकं असं की पुढच्या ट्रकचा मागचा दिवाही उशिरा दिसतो. कर्जतहून कशेळेमार्गे मुरबाडकडे जाणारा रस्ता असो की खोपोली-पाली, लांबलांब पट्टे काळोखाचे. आणि इथे रात्री फिरणारे फक्त सहलीला आलेले नसतात. कारखान्यांच्या पाळ्या सुटतात, शेवटची लोकल कर्जतला येते, माणसं गाडी काढून वाडीवर जातात. रस्त्यावर बसलेलं काळं जनावर किंवा दिवा नसलेली बैलगाडी दिसायची ती याच दंडपेशींच्या भरवशावर. मीटरच झगमगत असेल तर ती उशिरा दिसते. ताशी पन्नासच्या वेगात दोन सेकंद म्हणजे सुमारे अठ्ठावीस मीटर.

बल्ब काढून एलईडी घातली की काय होतं?

एलईडीचे फायदे खरे आहेत. तेवढ्याच उजेडाला वीज अगदी थोडी लागते, फिलामेंट नसल्याने खड्ड्यांत तुटत नाही, बल्बच्या उष्णतेने मीटरचं प्लास्टिक पिवळं पडतं तेही टळतं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो, आणि बऱ्याच गाड्यांत त्याच्याबरोबर मीटरचा दिवाही दिवसभर जळतो. तिथे तर टिकाऊ दिवा हवाच.

पण तीन अडचणी येतात, त्या आधी माहीत असाव्यात.

पहिली, एसीची. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइट आणि मीटरचा बल्ब बॅटरीवर नसतो, थेट मॅग्नेटवर असतो. बल्बला दिशेचं सोयरसुतक नाही. एलईडी एकाच दिशेने पेटते, म्हणून कमी रेसवर ती लुकलुकते. आणि रेग्युलेटर बिघडलेला असेल तर रेस देताच जास्त व्होल्टेजने जळूनही जाते. उपाय: मीटरची ती वायर बॅटरीच्या, चावीनंतरच्या लाइनवर घेणं किंवा मध्ये रेक्टिफायर घालणं.

दुसरी, इंडिकेटरच्या खुणेची. पुष्कळ गाड्यांच्या मीटरवर डाव्या-उजव्या दोघांसाठी एकच हिरवा दिवा असतो. तो डाव्या आणि उजव्या वायरच्या मधोमध जोडलेला. डावा इंडिकेटर दिला की करंट या बल्बमधून जाऊन उजवीकडच्या दिव्यांतून परततो, आणि उजवा दिला की उलट. तिथे एलईडी लावली तर ती एकाच बाजूला पेटते. लोक दिवा खराब म्हणून दुकानात भांडतात, दिवा मात्र चांगला असतो. दोन्ही वायरना एकेक डायोड लावायचा, दोघांची टोकं जोडून एलईडीच्या प्लसला द्यायची, मायनस बॉडीला. काम झालं.

तिसरी, रंगाची. जगभर अप्परची खूण निळी असते आणि इंडिकेटरची हिरवी. ते रंग बल्बचे नसतात, पुढच्या प्लास्टिकचे असतात. हिरव्या प्लास्टिकमागे निळी एलईडी घातली की खूण काळपट, धड दिसेनाशी होते. आणि सगळं मीटरच निळं केलं की अप्पर चालू राहिल्याचं कळतच नाही. मग समोरून घाट उतरणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचा अप्पर. त्याच्या दंडपेशींचं काय होतं, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

मग लावायची की नाही?

जरूर लावा. फक्त रंग पिवळसर किंवा नारिंगी घ्या, कमीत कमी उजेडाची घ्या, आणि खुणांच्या दिव्यांना त्यांच्या प्लास्टिकच्याच रंगाची एलईडी द्या. मग गाडी दुकानाच्या झगमगाटात न तपासता काळोख्या जागी, सुरक्षित बाजूला उभी करून दहा मिनिटं थांबा. मीटर वाचता येतंय आणि काचेत त्याचं प्रतिबिंब डोळ्यावर येत नाहीये, एवढं झालं की दिवा बरोबर. जास्त वाटला तर मागे ट्रेसिंग पेपरचा तुकडा किंवा योग्य रेझिस्टर.

शंभर वर्षांपूर्वी मीटरला उजेड कसा मिळवायचा हा प्रश्न होता. आज उजेड स्वस्त झालाय आणि तो आवरायचा कसा हा प्रश्न आहे. खोपोलीच्या वीजघरातही पाणी अडवण्याइतकंच ते हवं तेवढंच सोडणं महत्त्वाचं. मीटरचंही तसंच आहे.

तुमच्याकडे सहा व्होल्टची जुनी गाडी असेल, तिच्या मीटरचं तुम्ही काय केलंत ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत घाटात जपून, आणि समोरून कुणी आलं की डिपर द्यायला विसरू नका.