आमरीचें बीज आणि कांचेची कुपी



वैशाख संपतां संपतां कोंकणांत किंवा घाटमाथ्यावर प्रवास करणाऱ्यास एखाद्या जुन्या आंब्याच्या खोडावर विलक्षण शोभा दृष्टीस पडते. सालीस घट्ट चिकटून राहिलेल्या जाड, लांबट पानांच्या झुबक्यांतून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा वीतभर लांबीचा घोस खालीं लोंबत असतो. आपल्या लोकांनीं त्यास ‘सीतेची वेणी’ असें साजेसें नांव दिलें आहे. ही आमरीच्या कुळांतील, म्हणजे इंग्रजींत ज्यास ऑर्किड म्हणतात त्या कुळांतील, एक वनस्पति होय.

मी शाळामास्तर असतांना एका विद्यार्थ्यानें या आमरीचें पिकलेलें बोंड मजजवळ आणून दिलें. तें उकलतांच आंतून फिकट पिवळी भुकटी उडाली. ती भुकटी म्हणजेच तिचें बीज. आम्हीं तें चाळलेल्या मातींत पेरलें, नित्य पाणी घातलें, आणि सबंध वर्षभर त्या कुंडीकडे डोळे लावून बसलों. कुंडींत शेवाळ उगवलें. आमरी उगवली नाहीं. “गुरुजी, एवढं बीं पेरलं, मग एकही कां उगवलं नाहीं?” या त्या मुलाच्या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. वनस्पतिशास्त्राचा अधिकारी नव्हे. पुढें वाचनांत असें आढळलें कीं, हाच प्रश्न युरोपांतील पंडितांना आणि धनाढ्य बागवानांना कित्येक पिढ्या छळीत होता. त्या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

प्रथम या बीजाचें स्वरूप पाहूं. हरभऱ्याचा दाणा घ्या किंवा आंब्याची कोय घ्या. आंतील कोंवळ्या अंकुराबरोबर निसर्गानें त्याची शिदोरीही बांधून दिलेली असते. पहिलें पान उघडून स्वतःचें अन्न स्वतः तयार करूं लागेपर्यंत रोप त्या शिदोरीवर जगतें. आमरीच्या बीजाजवळ ही शिदोरी जवळजवळ नाहींच. एका झिरझिरीत पिशवींत मूठभर पेशींचा एक गर्भ, एवढाच त्याचा संसार. अशीं बीजें वजनानें नगण्य असल्यामुळें वाऱ्यावर दूर जातात व उंच फांदीच्या सालींतही अडकतात. शिदोरीची उणीव निसर्गानें संख्येनें भरून काढली आहे. चार्लस डार्विन यानें इंग्लंडांतील एका साध्या आमरीच्या एका बोंडांतील बीजांची गणती केली, तेव्हां ती सुमारें ६,२०० भरली. त्या हिशेबानें एका रोपास १,८६,३०० बीजें येत होतीं. ब्राझीलांत राहणाऱ्या फ्रिट्झ म्यूलर यानें दुसऱ्या एका जातीच्या एकाच बोंडांत १७,५६,४४० बीजें असल्याचा हिशेब त्यास कळविला. एवढीं बीजें, आणि तरीही आमरी दुर्मिळ! याचाच अर्थ असा कीं, लाखांतून एखादेंच बीज तगतें.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील श्रीमंतांना आमरीचें वेड लागलें. उष्ण कांचगृहें उभारून त्यांत दूरदूरच्या देशांतील आमरी ठेवणें हें वैभवाचें लक्षण झालें. परंतु बीज उगवत नव्हतें. मग रोपें आणावयाचीं कोठून? अर्थातच रानांतून ओरबाडून. १८५० सालीं जोसेफ हूकर यानें आपल्याच देशांतील खासी टेकड्यांतून निळ्या व्हँडाचीं सात हमालांचीं ओझीं क्यू येथील राजोद्यानासाठीं गोळा केलीं; त्यांपैकीं फारच थोडीं रोपें विलायतेस जिवंत पोंचलीं. आल्बर्ट मिलिकन नांवाच्या संग्राहकानें १८९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत कोलंबियांतील एका मोहिमेचा हिशेब दिला आहे: दोन महिन्यांत सुमारें १०,००० रोपें मिळालीं, आणि त्यांसाठीं सुमारें ४,००० झाडें पाडावीं लागलीं! फुलाच्या प्रेमापायीं वनाचा असा संहार चालला होता. बीजापासून रोप करण्याची विद्या ही केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब कां नव्हती, हें यावरून ध्यानांत येईल.

कांहीं चतुर बागवानांना थोडें यश आलें होतें. इंग्लंडांतील एक्झिटर येथें व्हीच घराण्याची मोठी रोपवाटिका होती. जॉन हॅरिस नांवाच्या शस्त्रवैद्याच्या सूचनेवरून तेथील बागवान जॉन डॉमिनी यानें दोन जातींच्या आमरींचा संकर केला, आणि १८५६ सालीं त्या संकरास पहिलें फूल आलें. पुढें अनुभवानें बागवानांस कळून आलें कीं, नव्या मातींत पेरलेलें बीज फुकट जातें; मात्र जुन्या आमरीच्याच कुंडींत, तिच्या मुळांपाशीं टाकलेलें बीज क्वचित् उगवतें. असें कां व्हावें, हें त्यांस सांगतां येत नव्हतें. आईच्या पायाशींच लेंकरूं वाढतें, एवढेंच त्यांनीं पाहिलें. आईच्या मुळांत आणखी कोणी वस्तीस आहे, हें त्यांस दिसलें नाहीं.

तें दिसलें एका फ्रेंच तरुणास. नोएल बर्नार्ड हा पंचवीस वर्षांचा वनस्पतिशास्त्रज्ञ सक्तीच्या लष्करी नोकरीसाठीं मलं या गांवीं राहत होता. ३ मे १८९९ रोजीं जवळच्या फोंतेनब्लोच्या रानांत हिंडतांना पाचोळ्याखालीं गाडला गेलेला एका आमरीचा जुना फळांचा दांडा त्यास सांपडला. ही जाति हरित पानें नसलेली, आणि पक्ष्याच्या घरट्यासारख्या मुळांची. दांड्यावरील बोंडांतच बीजें रुजून इवलीं रोपें झालीं होतीं. त्यानें तीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासलीं, तेव्हां प्रत्येक रोपाच्या पेशींत बुरशीच्या तंतूंचीं वेटोळीं दिसलीं. आमरीच्या मुळांत बुरशी असते हें पूर्वींही कित्येकांनीं पाहिलें होतें. परंतु बीज रुजतें तें बुरशी आंत शिरते म्हणूनच, हा कार्यकारणभाव बर्नार्डनें ओळखला, आणि त्याच महिन्यांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें मांडला.

अनुमान करणें निराळें आणि सिद्ध करणें निराळें. बर्नार्डनें मुळांतील बुरशी निराळी काढून कांचनळींत वाढविली, निर्जंतुक केलेलीं बीजें तिच्या संगतींत ठेवलीं, आणि १९०३ सालीं तीं उगवून दाखविलीं. या प्रयोगांत त्यानें जें पोषकद्रव्य वापरलें तें ऐकून आपल्याकडील गृहिणींना मौज वाटेल. तें होतें सालममिश्री! पौष्टिक म्हणून आपण दुधांत घालून घेतों ती सालममिश्री म्हणजे आमरीच्याच वाळलेल्या कंदांची पूड. बर्नार्डच्या मतें बीज व बुरशी यांचें नातें साध्या मैत्रीचें नव्हतें. तो एक प्रकारचा तोलून धरलेला रोगच होता. बुरशी दुर्बळ असेल तर बीज रुजत नाहीं. प्रबळ झाली तर बीजासच खाऊन टाकते. दोघांची शक्ति तुल्य असेल तरच रोप वाढतें. आणखी एक गोष्ट त्यानें नमूद करून ठेवली: सालममिश्रीचें द्रावण पुरेसें दाट असेल तर कांहीं बीजें बुरशीवांचूनही रुजतात. या धाग्याचा पाठपुरावा करण्यास त्यास आयुष्य पुरलें नाहीं. १९११ च्या जानेवारींत, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षीं, क्षयानें त्याचा अंत झाला.

जर्मनींत हान्स बुर्गेफ यानें हेंच संशोधन स्वतंत्रपणें पुढें नेलें. कांहीं रोपवाटिकांनीं बुरशीसह पेरणी सुरूही केली. परंतु योग्य बुरशी शोधणें व ती काबूंत ठेवणें हें काम नाजूक होतें. अशा वेळीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचा प्राध्यापक लुईस नड्सन यानें बर्नार्डनें सोडलेला तो धागा उचलला. हिरव्या वनस्पति मुळांवाटे साखर कशी शोषून घेतात याचा अभ्यास त्यानें पूर्वींच केला होता. त्यानें असा विचार केला: सालममिश्रींत पिष्ट व तत्सम द्रव्यें असतात. बुरशी त्यांचें पचन करून साखर बनवीत असेल, आणि बीजास हवी असेल ती केवळ ती साखर. मग साखर आपणच कां देऊं नये?

१९२१-२२ सालीं त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याची कृति ऐकण्याजोगी आहे. एक लिटर पाण्यांत कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम, अमोनियम सल्फेट अर्धा ग्रॅम, पोटॅशियमयुक्त फॉस्फेट व मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येकीं पाव ग्रॅम, लोहाचा किंचित् अंश, आणि नेहमींची साखर २० ग्रॅम. हें मिश्रण थिजण्यासाठीं त्यांत अगर, म्हणजे आपल्या घरांतील चायना ग्रास, घालावयाचें. कुपीस कापसाचा बोळा बसवून ती दाबाखालील वाफेनें निर्जंतुक करावयाची. तत्त्व स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचेंच. बीजें ब्लीचिंग पावडरच्या पाण्यांत धुऊन, हवेंतील एकही जंतु आंत जाऊं न देतां कुपींत पेरावयाचीं. ही दक्षता अत्यावश्यक आहे. कारण त्या गोड अन्नावर हवेंतील वाटेल ती बुरशी टपलेली असते, आणि ती एकदां शिरली म्हणजे चार दिवसांत बीजांचा मागमूसही उरत नाहीं. सर्व साधलें म्हणजे कांहीं आठवड्यांनीं बीजें फुगून त्यांच्या हिरव्या गोळ्या होतात. पुढें त्यांस पान फुटतें, मग मूळ येतें. वर्षभरानें रोपें बाहेर कुंडींत लावण्याजोगीं होतात, आणि जातीप्रमाणें आणखी कांहीं वर्षांनीं फुलतात.

ज्या पंडितांची बुरशीवर निष्ठा होती, त्यांस हें सहजासहजीं पटलें नाहीं. बुरशीवांचून वाढलेलीं हीं रोपें निरोगी होणार नाहींत, असें त्यांस वाटे. नड्सननें वादविवादांत फार शक्ति खर्चिली नाहीं. त्यानें रोपें वाढूं दिलीं, आणि १९३० सालीं बुरशीवांचून वाढविलेल्या आमरीस फूल आल्याचें जाहीर केलें. त्याहून सबळ उत्तर तें कोणतें?

या विद्येचा प्रसार पूर्वेकडेही झाला. सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानांत एरिक हॉल्टम यानें १९२८ सालीं कुपींतील पेरणी सुरू केली, आणि १९३१ सालीं तेथील पहिला संकर फुलला. फुलांच्या मोठ्या व्यापाराची मुहूर्तमेढ तेथें रोवली गेली. १९६० सालीं फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यानें शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून एकाच रोपाच्या असंख्य प्रतिकृति करण्याची वाट दाखविली. आज मुंबई-पुण्याच्या लग्नमंडपांत जीं जांभळीं-पांढरीं फुलें आपण पाहतों, त्यांच्या मागें या कांचेच्या कुपीचा इतिहास उभा आहे. १९७५ सालीं वन्य प्राणी व वनस्पति यांच्या व्यापाराविषयींचा आंतरराष्ट्रीय करार अमलांत आला. त्यांत आमरीच्या सबंध कुळास संरक्षण मिळालें. मात्र निर्जंतुक कुपींत वाढलेल्या रोपांना बहुतेक बंधनांतून मोकळीक देण्यांत आली. रानांतून उपटलेलें रोप आणि कुपींत जन्मलेलें रोप यांत कायद्यानें फरक केला, हा कुपीचा केवढा गौरव!

मग बर्नार्ड चुकला आणि नड्सन जिंकला, असें म्हणावयाचें काय? मला तसें वाटत नाहीं. कुपींत साखर घालणारा हात असतो. रानांत तो नसतो. तेथें बीजास अन्न देणारी आजही बुरशीच. ब्रिटनमध्यें लेडीज स्लिपर नांवाची आमरी इतकी तोडली गेली कीं, यॉर्कशायरमध्यें तिचें एकच ज्ञात रोप उरलें होतें. क्यू येथील शास्त्रज्ञांनीं तिच्या बीजांपासून प्रयोगशाळेंत रोपें करून तीं १९८९ पासून रानांत लावलीं. पैकीं पहिलें फूल २००० सालीं उमललें. ही करामत कुपीची खरी. परंतु त्या फुलाचें बीज जेथें पडेल तेथील मातींत ती अदृश्य सोबतीण नसेल, तर पुढची पिढी उगवणार कशी? प्रत्येक पिढीस मनुष्यानेंच कुपींतून जन्म द्यावयाचा म्हटलें, तर तें रान नव्हे. ती निराळ्या आकाराची बागच होय. नड्सननें फूल आपल्या हातीं दिलें. वन कशावर उभें आहे, हें मात्र बर्नार्डनेंच सांगून ठेवलें आहे.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येतें. आपली माती वाईट नव्हती, पाणी कमी पडलें नव्हतें. आपण बीज आणलें, पण त्याची सोबतीण आंब्याच्या सालींतच राहिली. सह्याद्रींतील एखादा जुना आंबा पडतो तेव्हां आपण लांकडाचा आणि फळांचा हिशेब करतों. त्याच्या सालींत जें सूक्ष्म जग नांदत असतें, त्याचा हिशेब कोणी करीत नाहीं. सीतेची वेणी पुढच्या पिढीनेंही आंब्यावरच पाहावी, केवळ फुलवाल्याच्या दुकानांत नव्हे, असें आपणांस वाटत असेल, तर फुलाआधीं तें झाड राखावें लागेल.