किरकोळ थकबाकी

पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामी, असा प्रकार फुलसावंगीच्या मुलखाने जवळजवळ शतकभर पाहिला. त्याचे मूळ एका थकबाकीत होते. हैदराबाद कंटिंजंट फौज इंग्रजांच्या हाताखालची, खर्च मात्र निजामाचा. चंदुलालाच्या कारभारात कर्ज काढून पगार भागवावा आणि वाढत्या व्याजाकडे काणाडोळा करावा, असा दरबारचा रिवाजच पडला. अखेर 1853 च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली झाले. 1860 साली कर्ज माफ झाले, तरी वऱ्हाड परत मिळाले नाही. 1902 साली ते सालिना 25 लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने दिले गेले. दरबाराने जे किरकोळ मानले, त्यापायी मुलूख गेला; आणि रयतेला कोणी विचारलेही नाही.