पेवातला कंदील का विझतो?

ज्वारीचं पेव उघडलं की जुनी माणसं आधी कंदील खाली सोडायची. तो विझला तर आत कुणी उतरायचं नाही. कंदील का विझतो, याचं उत्तर मात्र फार लांब, युरोपात सापडलं.

ऑगस्ट १७७१ मध्ये इंग्लंडात जोसेफ प्रिस्टले यांनी मेणबत्ती विझलेल्या कोंडलेल्या हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा छान जळली. झाड हवा शुद्ध करतं, असं ठरलं. पण पुढे हा प्रयोग कधी साधे, कधी फसे.

हा घोळ डच डॉक्टर यान इंगेनहाउझ यांनी सोडवला. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून त्यांनी पाचशेच्या वर प्रयोग केले. हवा सुधारतो तो झाडाचा हिरवा भाग, तोही उजेडात. रात्री पानंसुद्धा हवा बिघडवतात. मुळं, फुलं, फळं तर दिवसाही. म्हणजे झाडही श्वास घेतं. प्राणवायू आत, कर्बवायू बाहेर. पानांवरच्या आणि सालीवरच्या बारीक छिद्रांतून तो हवेत जातो, मुळांतून मातीत. (इंगेनहाउझ यांनी रात्री खोलीत फुलं ठेवण्याची भीती जरा जास्तच घेतली. चिंचेखाली झोपायला आपण भितो, तसंच ते. उघड्यावर हा वायू पांगून जातो.)

१८०४ साली जिनिव्हाच्या निकोला द सोस्यूर यांनी, रुजणारं बी किती प्राणवायू घेतं अन् किती कर्बवायू सोडतं, हे मोजूनच दाखवलं.

आता पेवाकडे या. पेवातला दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो, त्यातले किडे आणि बुरशीही घेतात. दाणा ओलसर असला तर हे काम फारच जोरात चालतं. तोंड लिंपलेलं, त्यामुळे प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू साठतो. किडे गुदमरून मरतात, म्हणून तर धान्य टिकतं. माणूसही तसाच मरतो! कर्बवायू हवेपेक्षा जड, तोंड उघडलं तरी तळाशी बसून राहतो.

एक गोष्ट जुन्या रीतीत कमी पडते. कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असं नव्हे. माणसाला घातक इतका कर्बवायू असूनही ज्योत तग धरू शकते. तेव्हा पेव आधी भरपूर वेळ उघडं ठेवा, हवा खेळवा. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा, वर दोघं तरी थांबा. आतला माणूस कोसळला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका, दोरानंच वर ओढा.