चालण्याचं बक्षीस आणि अंकल सॅमचा वाटा

मागे आमच्या ऑफिसात चालण्याची स्पर्धा झाली. सहा आठवडे आम्ही सगळे कमरेला पेडोमीटर लावून जेवणाच्या सुट्टीत पार्किंग लॉटला प्रदक्षिणा घालत होतो. मला १०० डॉलरचं गिफ्ट कार्ड मिळालं. मी खूष! मग पे-स्लिप आली. ते १०० डॉलर पगारात धरलेले आणि त्यावर टॅक्स कापलेला. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचेच ७.६५ डॉलर, इन्कम टॅक्स वेगळा. चाललो मी, घाम माझा, आणि सरकारला वाटा कसला? चिडून शोधायला बसलो, तर बराच जुना इतिहास हाती लागला.

पूर्वी इथे बक्षिसांवर टॅक्स लागेलच असं नव्हतं. 'पॉट ओ' गोल्ड' नावाच्या रेडिओ कार्यक्रमातून एका बाईंना फोन आला आणि ध्यानीमनी नसताना ९०० डॉलर मिळाले. १९४५ साली टॅक्स कोर्टाने ती चक्क भेट मानली. बाईंनी त्यासाठी काहीच केलं नव्हतं ना!

लेरॉय रॉबर्टसन या संगीतकाराचं नशीब मात्र वेगळं. त्यांच्या सिंफनीला स्पर्धेत २५,००० डॉलरचं बक्षीस मिळालं. १९५२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की स्पर्धा जाहीर करणं हा प्रस्ताव आणि भाग घेणं ही त्याला मान्यता. म्हणजे झाला करार, आणि बक्षीस हे उत्पन्नच.

१९५४ च्या कायद्याने हाच नियम केला, पण नोबेलसारख्या सन्मानांना सूट ठेवली. १९८६ साली तीही आवळली. आता नोबेलचे पैसेसुद्धा परस्पर धर्मादाय संस्थेला दिले तरच टॅक्स सुटतो. त्याच वर्षी आणखी एक कलम आलं: मालकाने नोकराला दिलेली वस्तू टॅक्सपुरती 'भेट' धरायचीच नाही. सवलती उरल्या त्या मोजक्या. सणासुदीची किरकोळ वस्तू चालते. कारखान्यात अपघात टाळल्याबद्दलचं बक्षीसही मर्यादेत चालतं, पण वस्तूरूपात. रोख किंवा गिफ्ट कार्ड नाही.

२०१० च्या आरोग्यविमा कायद्याने अशा कार्यक्रमांना जोर आला. काही कार्यक्रमांत विम्याच्या खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत बक्षीस देण्याची मुभा २०१४ पासून मिळाली. २०१६ साली टॅक्स खात्याने स्पष्टच केलं: टी-शर्ट दिलात तर ठीक, पण रोख बक्षीस किंवा जिमची फी दिलीत तर तो पगार.

गंमत म्हणजे त्याच २०१६ साली ऑलिंपिक पदकं आणि त्यासोबतचे पैसे करमुक्त झाले (फार श्रीमंत खेळाडू वगळून). रिओत सुवर्णपदकामागे अमेरिकन खेळाडूला २५,००० डॉलर होते. रॉबर्टसनच्या बक्षिसाइतकेच! देशासाठी धावलात तर माफी, कंपनीसाठी चाललात तर नाही.

पहिल्यांदा मला हा कद्रूपणा वाटला. आता वाटतं, कायदा खरं तेच बोलतोय. मी आजारी कमी पडलो तर कंपनीचा विम्याचा खर्च वाचतो, म्हणून तर ती मला चालवते. ते कौतुक असेलही, पण व्यवहार आधी.

मी अजूनही चालतो. पेडोमीटर मात्र काढून ठेवलाय. ती पावलं आता माझी, बिनटॅक्सची!