रिकाम्या रकान्याचा इतिहास

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी जावामध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका संस्थेची लाभार्थ्यांची यादी यायची. एका ओळीत नाव, गाव, वय, मोबाइल, मध्ये स्वल्पविराम. ओळ स्वल्पविरामावर तोडायची, चार तुकडे मिळाले तर ठेवायची, कमी मिळाले तर 'खराब ओळ' म्हणून सोडून द्यायची. टेस्टिंगच्या यादीत सगळ्यांकडे मोबाइल होते, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं.

मग गावोगाव फिरणाऱ्या एका ताईंचा फोन आला, "सर, आमच्या म्हाताऱ्या बायका कुठे गेल्या यादीतून?"

त्यांच्याकडे मोबाइल नव्हते. जावाचं स्प्लिट मधला रिकामा तुकडा ठेवतं, पण शेवटचे रिकामे तुकडे गुपचूप टाकून देतं. चारऐवजी तीन तुकडे आले आणि माझ्या कोडने त्या बायकांना 'खराब ओळ' ठरवलं.

असं कोणी का ठरवलं असेल, म्हणून मी मागे मागे वाचत गेलो.

युनिक्समध्ये युजर्सची यादी एका साध्या फाइलमध्ये असते. एका ओळीत सात रकाने, मध्ये विसर्गासारखा कोलन. तिथे रिकाम्या जागेलाही अर्थ आहे. शेवटचा रकाना रिकामा असेल तर त्या युजरला नेहमीचा शेल मिळतो. पासवर्डचा रकाना रिकामा असेल तर पासवर्ड लागत नाही. म्हणजे 'काही नाही' हीसुद्धा माहितीच!

पण सी भाषेतलं ओळी तोडणारं जुनं फंक्शन, स्ट्रटॉक, लागोपाठ आलेले दोन कोलन एकच समजतं. मधला रकाना रिकामा असला की पुढचे सगळे एक घर डावीकडे सरकतात. वर ते मूळ ओळीतच खाडाखोड करतं. शेवटी १९९३च्या ४.४ बीएसडीमध्ये स्ट्रसेप नावाचं नवं फंक्शन आलं. कारण सरळ होतं: स्ट्रटॉकला रिकामे रकाने हाताळता येत नाहीत.

गंमत म्हणजे हा फरक बेल लॅब्जमध्ये १९७७ सालीच ओळखला गेला होता. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान या तिघांनी ऑक ही भाषा केली. नावही तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांचं. ऑकमध्ये काहीच सांगितलं नाही तर कितीही स्पेस मिळून एकच फट धरली जाते. कोलन किंवा स्वल्पविराम सांगितला तर प्रत्येक चिन्ह वेगळं मोजलं जातं. कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वाक्यातले शब्द वेचताना दोन स्पेसच्या मधल्या पोकळीला अर्थ नसतो. तक्त्यातले रकाने वाचताना असतो.

पायथनने हा भेद जपला. तिथे कंस रिकामा ठेवला तर शब्द मिळतात, स्वल्पविराम दिला तर सगळे रकाने, रिकामे धरून. लॅरी वॉलच्या १९८७च्या पर्लने ऑककडून बरंच घेतलं, पण पर्लचं स्प्लिट शेवटचे रिकामे तुकडे छाटतं. जावाला स्प्लिट २००२ साली, १.४ आवृत्तीत, रेग्युलर एक्स्प्रेशन्सबरोबर मिळालं. त्या इंजिनाच्या अधिकृत माहितीत तुलना पर्लशीच केलेली आहे, आणि छाटायची सवयही तीच. शब्द वेचताना ती सोयीची आहे. मी मात्र रकाने वाचत होतो.

दुरुस्ती एवढीशी होती. स्प्लिटला दुसरा आकडा म्हणून उणे एक द्यायचा, की शेवटचे रिकामे तुकडेही हातात येतात. ही गोष्ट जावाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेली होती, मीच वाचली नव्हती. 'खराब ओळ' हे नाव तर पूर्णपणे माझंच होतं.

नवी यादी पाठवल्यावर ताईंना फोन केला आणि चूक माझी होती हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोबाइल नाही त्यांच्याकडे आम्ही आधी जातो, सर. त्यांना फोन करून बोलावता येत नाही ना."

रिकाम्या रकान्याचा अर्थ त्यांना पहिल्यापासून माहीत होता.